टेंपलर नाइटांनी पवित्र अवशेष अटलांटिकपार नेले का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपली मुलगी कॅनडात हॅलिफॅक्सला राहते, येत्या उन्हाळ्यात आपण तिच्याकडे जाणार आहात, आणि तेथून जवळ असलेले ओक बेट पाहण्याचा आपला मानस आहे. एका माहितीपटात आपण असे ऐकले की, १३०७ साली फ्रान्समध्ये टेंपलर नाइटांची, म्हणजे जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या ख्रिस्ती योद्धा-साधूंच्या संघाची, धरपकड होण्याआधीच त्यांची जहाजे ला रोशेल बंदरातून गुपचूप निघून गेली, जेरुसलेमहून आणलेले पवित्र अवशेष स्कॉटलंडला पोहोचले, तेथील सिंक्लेअर घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि शेवटी १३९८ मध्ये हेन्री सिंक्लेअर याने ते समुद्रापार नोव्हा स्कोशियात, याच ओक बेटावर, नेऊन पुरले. आपण विचारता, “यात तथ्य किती? आणि इतकी वर्षे इतके लोक खोदत आहेत, त्या अर्थी तेथे काहीतरी असणारच ना?”

प्रथम माझ्या अधिकाराची मर्यादा सांगतो. गेली तीस वर्षे मी गोव्यातील पोर्तुगीज दप्तरे आणि कोकणातील घराण्यांचे जुने कागद वाचत आलो आहे. युरोपातील मध्ययुगीन धर्मयुद्धे हा माझा रोजचा विषय नव्हे. परंतु टेंपलर संघाचा पोर्तुगालमधील वारस असलेला ख्रिस्त-संघ गोव्याच्या कागदांत वारंवार भेटतो आणि त्याच्या मागावर मला मूळ संघाचा इतिहास वाचावा लागला. शिवाय मूर्ती, अस्थी, पूजेच्या वस्तू संकटकाळी एका जागेहून दुसऱ्या जागी कशा नेल्या जातात आणि त्या प्रवासाच्या खुणा मागे कशा उरतात, हे तर माझ्या कामाचेच अंग आहे. त्या अनुभवातून जे दिसते ते मांडतो.

या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. असे घडणे शक्य होते का, हा एक; आणि असे घडले म्हणायला आधार काय, हा दुसरा. माहितीपट बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि प्रेक्षकाला वाटते की दुसऱ्याचे मिळाले. पहिल्याचे उत्तर मी निःसंकोचपणे ‘होय’ असे देतो. चौदाव्या शतकाच्या चारशे वर्षे आधी स्कँडिनेव्हियातील नॉर्स लोक आइसलँडला पोहोचले होते, तेथून ते ग्रीनलँडला आणि पुढे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालाही गेले. न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला ल’आन्स ओ मेडोज येथे त्यांची वस्ती १९६० साली हेल्गे इंगस्टाड यांना आढळली आणि आन स्टिने इंगस्टाड यांच्या नेतृत्वाखाली तिचे उत्खनन झाले. ब्राँझची टाचणी, सूत कातण्याच्या चातीची दगडी चकती, लोखंडी खिळे, लोखंड गाळताना उरणारी मळी, असे साहित्य तेथे मिळाले. २०२१ साली तर तेथील लाकडे नेमकी १०२१ या वर्षी तोडली गेली, हेही सिद्ध झाले. कारण ९९३ साली आलेल्या तीव्र सौरवादळाची खूण जगभरच्या झाडांच्या वाढीच्या कड्यांत उमटलेली आहे आणि त्या कडीपासून सालीपर्यंत मोजत येता येते. थोडी माणसे, थोडी वर्षे राहून गेली. तरी हजार वर्षांनी त्यांचे वर्षसुद्धा हाती लागले. समुद्रापार गेल्याचा पुरावा म्हणजे काय, याचे हे माप आपण मनात ठेवावे, असे मला वाटते.

आता आपल्या दाव्याकडे वळू. उत्तर काहीसे यावरही अवलंबून आहे की आपण दाव्याचे कोणते रूप धरता. कारण या कथेची रूपे अनेक आहेत. कोणी अवशेष म्हणजे कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ज्यूंची पवित्र पेटी, असे म्हणतो, कोणी येशूच्या अखेरच्या भोजनातला चषक म्हणतो, कोणी केवळ सोने म्हणतो. मी आपण सांगितलेले रूपच धरतो आणि त्यातील दुवे एकेक करून तपासतो.

पहिला दुवा ला रोशेलच्या जहाजांचा. राजा चौथा फिलिप याने अटकेचे मोहोरबंद हुकूम १४ सप्टेंबर १३०७ रोजी काढले आणि १३ ऑक्टोबरच्या पहाटे ते अंमलात आणले. आदल्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, संघाचा प्रमुख जाक द मोले पॅरिसमध्ये राजाच्या भावजयीच्या अंत्ययात्रेत मानकरी म्हणून चालत होता. ज्याला जहाजे हलवण्याइतकी आगाऊ वार्ता लागली आहे, तो मनुष्य राजाच्या राजधानीत थांबत नाही. मग जहाजांची गोष्ट आली कोठून? जून १३०८ मध्ये पोपसमोर झालेल्या चौकशीत जाँ द शालों नावाच्या टेंपलराने जबानी दिली की, फ्रान्सचा प्रांतप्रमुख जेरार द व्हिलिए पन्नास घोडे घेऊन पळाला, तो अठरा गॅली जहाजांसह समुद्रात गेल्याचे आपण ऐकले, आणि ह्यूग द शालों हा संघाचा वरिष्ठ अधिकारी ह्यूग द पेरो याचा सगळा खजिना घेऊन निसटला. एवढाच आधार. ही ऐकीव माहिती आहे, ती कैदेतल्या माणसाने दिली आहे, तिच्यात ला रोशेलचे नाव नाही आणि पवित्र अवशेषांचा तर शब्दही नाही. ला रोशेलमध्ये टेंपलरांचे ठाणे होते आणि तेथून त्यांची दारू परदेशी जात असे, हे खरे. त्या खऱ्या गोष्टीला ही ऐकीव गोष्ट पुढे कोणीतरी जोडली. त्यातही ‘गॅली’ हे मुख्यतः वल्ह्यांवर चालणारे, भूमध्य समुद्रासाठी घडवलेले जहाज. त्यावरच्या शंभराहून अधिक वल्हेकऱ्यांना पुरेल इतके पिण्याचे पाणी घेऊन ते आठवडेच्या आठवडे खुल्या महासागरात राहू शकत नाही.

दुसरा दुवा सिंक्लेअर घराणे. येथे उलट साक्ष उपलब्ध आहे. १३०९ साली एडिंबरानजीक होलीरूड येथे स्कॉटलंडमधील टेंपलरांची चौकशी झाली आणि त्या चौकशीत रोझलिनच्या सिंक्लेअर कुटुंबातील हेन्री आणि विल्यम यांनी टेंपलरांच्या विरोधात जबानी दिली. ज्या घराने संघाविरुद्ध साक्ष दिली त्याच घराकडे संघाने आपला सर्वांत मोलाचा ठेवा सोपवला, असे म्हणायचे असेल तर त्यासाठी फार भक्कम कागद लागेल आणि तसा कोणताही कागद पुढे आलेला नाही. याच घराण्याचे रोझलिन प्रार्थनामंदिर १४४६ साली उभारायला घेतले गेले, म्हणजे संघ विसर्जित झाल्यावर एकशे चौतीस वर्षांनी. त्याच्या कमानींवर कोरलेली पाने मक्याची आहेत, म्हणून ते बांधणाऱ्यांनी अमेरिका पाहिली होती, असे सांगितले जाते. मध्ययुगीन पाथरवट पाने-फुले ठरावीक साच्यात कोरत असत. आपल्या मंदिरांच्या चौकटींवरची वेलबुट्टी पाहून कोणी वनस्पतिशास्त्रातली जात ठरवायला बसत नाही, तसेच हे आहे.

तिसरा दुवा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. हेन्री सिंक्लेअर हा खरा, ऐतिहासिक पुरुष आहे. नॉर्वेचा राजा सहावा हाकोन याने १३७९ साली त्याला ऑर्कनी बेटांचा अर्ल केले आणि १४०० च्या सुमारास तो ऑर्कनीतच शत्रूंच्या हातून मारला गेला. तो अमेरिकेला गेला असे त्याच्या हयातीतला एकही कागद म्हणत नाही. पंधराव्या शतकात ऑर्कनीच्या अर्लांचे जे वंशवृत्त तयार झाले, त्यात त्याच्या मृत्यूची नोंद आहे, सागरसफरीची नाही. मग सफर कोठून आली? १५५८ साली व्हेनिसमध्ये निकोलो झेनो नावाच्या सरदाराने एक पुस्तिका छापली. आपले पूर्वज निकोलो आणि अंतोनियो हे बंधू चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर समुद्रात गेले, ‘फ्रिसलांदा’ नावाच्या बेटावर ‘झिक्म्‌नी’ नावाच्या राजाच्या पदरी राहिले आणि तो राजा पश्चिमेकडे नवे प्रदेश शोधायला निघाला, अशी हकिगत तिच्यात आहे. सोबत नकाशाही आहे. मूळ पत्रांविषयी निकोलो स्वतःच लिहितो की, लहानपणी अजाणतेपणी आपण ती फाडून टाकली आणि आता उरलेल्यावरून ही हकिगत जुळवली.

माझ्याकडे घराण्यांचे कागद घेऊन माणसे येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: अस्सल कोठे आहे? एकदा कोकणातले एक गृहस्थ आपल्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत घेऊन आले. त्यात सतराव्या शतकातल्या मूळ पुरुषाला मिळालेल्या सनदेचा संपूर्ण मजकूर दिला होता. सनद कोठे, तर वाळवीने खाल्ली. मजकूर कोणी लिहून घेतला, तर आजोबांनी आठवणीने. ते गृहस्थ अत्यंत प्रामाणिक होते आणि त्यांचे आजोबाही असतील. तरीही त्या मजकुरातले काही शब्द इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्याचे होते. मनुष्य गेलेला कागद आठवणीने पुन्हा लिहितो तेव्हा आपल्या काळाची भाषा आणि आपल्या काळाची इच्छा त्यात नकळत मिसळतो. झेनोच्या बाबतीत ती इच्छा उघड दिसते: जिनोव्हाच्या कोलंबसाच्या शंभर वर्षे आधी व्हेनिसचे पुत्र तेथे पोहोचले होते, हे दाखवणे.

व्हेनिसच्या सरकारी दप्तरातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. थोरला निकोलो झेनो १३९० ते १३९२ या काळात ग्रीसमधील मोदोन आणि कोरोन या व्हेनिसच्या ठाण्यांचा कारभारी होता आणि तेथील अफरातफरीबद्दल १३९४ मध्ये व्हेनिसमध्ये त्याच्यावर खटला चालला. ज्या काळात तो उत्तर समुद्रात असायला हवा होता, त्याच काळात तो भूमध्य समुद्रात नोकरी करत होता. फ्रिसलांदा बेटाचे तर अस्तित्वच नाही. मात्र मर्केटरसारख्या थोर नकाशाकाराने ते विश्वासाने आपल्या नकाशात घेतले आणि पुढे कितीतरी वर्षे ते नकाशांतून तसेच राहिले. एका ठिकाणची चूक दहा ठिकाणी उतरवली गेली म्हणून तिचे दहा साक्षीदार होत नाहीत, हे यातून दिसते. १८९८ साली फ्रेडरिक लुकस यांनी ही हकिगत आणि नकाशा आधीच्या छापील साहित्यावरून जुळवलेला आहे, हे तपशीलवार दाखवले. त्याच वर्षी आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि बखरीपेक्षा अस्सल पत्र श्रेष्ठ, हा आग्रह महाराष्ट्रात रुजू लागला. हा योगायोग मला मोलाचा वाटतो, कारण दोन्हीकडची शिस्त एकच आहे.

झिक्म्‌नी म्हणजे हेन्री सिंक्लेअर, ही ओळख कोणाची? ती त्या पुस्तिकेत नाही. योहान राइनहोल्ड फोर्स्टर या जर्मन विद्वानाने १७८४ मध्ये केवळ नावाच्या तर्कावरून ती सुचवली. आणि १३९८ हे वर्ष? तेही त्या पुस्तिकेत नाही. विसाव्या शतकात फ्रेडरिक पोल या अमेरिकन लेखकाने, पुस्तिकेतील ‘त्रिन’ या बंदराच्या नावावरून तेथे त्रिनिटी रविवारी (ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाला) पोहोचले असावेत असे धरून, २ जून १३९८ ही तारीख काढली. १३९८ साली त्रिनिटी रविवार खरोखरच २ जूनला येतो. गणित बिनचूक आहे, पाया मात्र अंदाजाचा आहे. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट अशी की, झेनोची हकिगत शब्दशः खरी मानली, तरी तिच्यात टेंपलर नाहीत, जेरुसलेम नाही, अवशेष नाहीत आणि पुरलेला ठेवाही नाही. ते सारे विसाव्या शतकात वरून आले.

पोल यांच्या मांडणीतली एक बाब मला मनापासून खटकते. नोव्हा स्कोशियातील मिगमाव या मूळ रहिवाशांचा ग्लूस्कॅप नावाचा एक पुराणपुरुष आहे. त्याच्या कथा हा त्यांच्या सृष्टिविचाराचा गाभा आहे. पोल यांनी ग्लूस्कॅप म्हणजे हेन्री सिंक्लेअरच, असे मांडले. एका समाजाचा देवतुल्य पुरुष काढून घेऊन त्याच्या जागी युरोपातला सरदार बसवायचा आणि त्याला इतिहास म्हणायचे, हे मला फार मोठे अन्यायाचे वाटते. आपण तेथे जाल तेव्हा ही भूमी कोणाची होती, हे आपल्या नातवंडांना जरूर सांगावे.

इथवरचे सार असे: जहाजांचा आधार ऐकीव आहे, सिंक्लेअरांची साक्ष विरुद्ध बाजूची आहे, सफरीचा आधार दीडशे वर्षांनंतरचा आणि अस्सलाशिवायचा आहे, आणि अवशेषांना आधारच नाही. अशा दाव्यात दुवे एकमेकांवर उभे असतात, हेही ध्यानात घ्यावे. उदार मनाने प्रत्येक दुव्याला निम्मी शक्यता दिली आणि दुवे सहा धरले, तर सगळे मिळून खरे असण्याची शक्यता चौसष्टांत एक उरते. आणि निम्मी शक्यता देण्याजोगा यातला एकही दुवा मला दिसत नाही.

परंतु मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. कागद क्षणभर बाजूला ठेवू. पवित्र अवशेष म्हणजे काय आणि मध्ययुगातला श्रद्धावान मनुष्य तो कशासाठी जपत असे, हा विचार केला तरी ही कथा त्या काळात बसत नाही. अवशेषाचे सामर्थ्य त्याच्या दर्शनात, त्याच्यापुढे केलेल्या प्रार्थनेत आणि तो अमुकाचाच आहे या अखंड साक्षीत असते. साक्षीची साखळी तुटली की उरते ते केवळ हाड किंवा लाकडाचा तुकडा. म्हणूनच त्या काळात अवशेष हलवला गेला की त्याचा गाजावाजा होत असे, कागद होत असे, मोहोर होत असे. येशूचा काटेरी मुकुट म्हणून पूजला जाणारा अवशेष घ्या. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने तो व्हेनिसच्या सावकाराकडे १३,१३४ सुवर्णनाण्यांना गहाण टाकला होता. फ्रान्सचा राजा नववा लुई याने तो सोडवला, दोन डोमिनिकन साधू त्याच्यासोबत समुद्रमार्गे व्हेनिसला आले, पेटीवरच्या मोहोरा पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या, आणि १२३९ मध्ये राजा स्वतः सामोरा गेला व अनवाणी पायांनी तो मुकुट वाहून आणला. त्याच्यासाठी बांधलेले सँत-शापेल हे मंदिर १२४८ मध्ये प्रतिष्ठित झाले. समुद्र ओलांडून आलेल्या अवशेषाच्या मागे इतके कागद राहतात.

टेंपलरांकडे अवशेष होते, हे मी नाकारत नाही. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अथलितच्या त्यांच्या किल्ल्यात संत युफेमियाच्या अवशेषांचे दर्शन घ्यायला यात्रेकरू येत. पॅरिसमधील त्यांच्या मठात सोन्याचा मुलामा दिलेले, स्त्रीमुखाच्या आकाराचे चांदीचे अवशेषपात्र मिळाले, त्यात कवटीची हाडे होती आणि ‘शिर ५८’ अशा अर्थाची चिठ्ठी होती. १२९१ साली आक्रे हे धर्मयोद्ध्यांचे पॅलेस्टाइनमधील मोठे ठाणे पडले तेव्हा संघाचा कोशाध्यक्ष तिबो गोदँ संघाची संपत्ती घेऊन जहाजाने प्रथम सिदोनला आणि मग सायप्रसला गेला. म्हणजे पवित्र वस्तू घेऊन टेंपलर समुद्रावरून खरोखरच गेले. परंतु ते आपल्याच लोकांकडे, जेथे पूजा चालू राहील अशा ठिकाणी गेले. मनुष्यवस्तीची भाषा ठाऊक नाही, चर्च नाही, यात्रेकरू नाही, अशा किनाऱ्यावर खोल खड्ड्यात अवशेष पुरणे म्हणजे त्याचे अवशेषपणच संपवणे. पुरलेला ठेवा ही चाच्यांच्या गोष्टींतली कल्पना आहे आणि ती या कथेत मागाहून शिरली आहे.

ज्या वस्तूंची नावे घेतली जातात त्यांचीही स्थिती पाहावी. कराराचा कोश बाबिलोनने जेरुसलेम उद्ध्वस्त केल्यापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून दिसत नाही. दुसऱ्या मंदिराच्या गाभाऱ्यात काहीच नव्हते, असे ज्यू इतिहासकार जोसेफस याने लिहून ठेवले आहे. टेंपलर तेथे पोहोचले ते सुमारे सतराशे वर्षांनी. ‘ग्रेल’ हे पात्र, म्हणजे वर आलेला तो चषक, तर साहित्यातून आले: बाराव्या शतकाच्या अखेरीस क्रेतिएन द त्रुआ या फ्रेंच कवीच्या अपूर्ण राहिलेल्या काव्यात ते प्रथम येते, आणि अखेरच्या भोजनातला चषक ही ओळख त्याला नंतरच्या कवीने दिली. कवीने घडवलेले पात्र जहाजात घालून कोणाला नेता येणार नाही.

आपल्याकडचेच उदाहरण या जागी मला आठवते. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टी भागांत मंदिरे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नद्या ओलांडून फोंड्याकडे, अंत्रुज महालात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. तो प्रवास रात्रीचा, जिवावर बेतणारा आणि गुप्तच होता. तरीही आज आपण त्याविषयी खात्रीने बोलू शकतो, कारण देव जेथे गेले तेथे पूजा लगेच सुरू झाली, मूळ गावाची आठवण कुळांनी सांभाळली, आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांनी पाडलेल्या मंदिरांच्या जमिनींच्या याद्या करून ठेवल्या. देव लपवायला नेला, तरी तो पुजण्यासाठीच नेला. गुप्ततेचा काळ संपला की साक्षी बोलू लागतात. टेंपलरांच्या कथेत सहाशे वर्षे कोणीच बोलले नाही.

समुद्रापारच्या अवशेषाचे एक पूर्णपणे खरे प्रकरणही गोव्यातच आहे आणि ते आपल्याला माहीत असावे. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणचा शाह अब्बास याच्या हुकमाने १६२४ साली शिराझ येथे छळ करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांचा एक भाग १६२७ मध्ये जुने गोवे येथील आपल्या मठात आणला. अस्थी मठाच्या कोणत्या दालनात, कोणत्या खिडकीजवळ, कसल्या दगडी पेटीत ठेवल्या, हे पोर्तुगीज कागदात लिहिलेले होते. पुढे १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि जागेचा माग हरवला. अनेक प्रयत्नांनंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला २००४-०५ च्या सुमारास ती खिडकी आणि हाडांचे तुकडे सापडले. हैदराबादच्या कोशिकीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्यातील एका तुकड्याचे डीएनए तपासले, तेव्हा मातृवंशाचा असा गट निघाला की जो भारतातील नमुन्यांत नव्हता आणि जॉर्जियातील नमुन्यांत होता. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. केवळ डीएनएवरून ही हाडे राणीचीच, असे म्हणता आले नसते; समकालीन कागद, सांगितलेली नेमकी जागा आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून विश्वास बसतो.

टेंपलरांचा समुद्राशी जो खरा संबंध आहे तोही सांगायला हवा. पोर्तुगालचा राजा दिनीश याने संघाची मालमत्ता परक्या हाती जाऊ दिली नाही. पोपच्या संमतीने १३१९ मध्ये ख्रिस्त-संघ स्थापन झाला आणि तोमारचा टेंपलरांचा किल्ला पुढे त्याचे मुख्य ठाणे झाला. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक झाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शोधमोहिमांना संघाचा पैसा मिळू लागला. १४५६ मध्ये पोपने समुद्रापारच्या नव्या प्रदेशांतील धार्मिक अधिकार या संघाला दिला. भारताकडे येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर याच संघाचा क्रूस होता. गोव्यातल्या चर्च-कारभाराची मुळे त्या अधिकारात आहेत. हे सारे उघड, छापील आणि मोहोरबंद आहे, आणि गुप्त ठेव्याच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जगाच्या इतिहासावर त्याचा परिणाम कितीतरी पटींनी मोठा आहे. नाइट समुद्रापार गेले का, या प्रश्नाचे खरे उत्तर मी येथे शोधीन.

उरतो ओक बेटाचा प्रश्न. १७९५ मध्ये काही तरुणांना तेथे खळगा दिसला, असे सांगतात. परंतु त्या शोधाची छापील हकिगत १८५० च्या दशकानंतरची आहे. मधल्या साठ वर्षांत काय घडले ते फक्त तोंडी आहे. त्यानंतर एकामागून एक मंडळ्यांनी इतके खोदले की मूळ खड्डा नेमका कोठे होता, हेही आज निश्चित सांगता येत नाही. प्रत्येक खोदाई आपल्यामागे लाकूड, लोखंड आणि बुजवलेली भुयारे ठेवून जाते. पुढच्या खोदाईला तेच ‘सापडते’ आणि उत्साह वाढतो. बेटाच्या पोटात चुनखडी आणि जिप्सम आहे, ते पाण्याने विरघळते आणि जमीन आपोआप खचून खळगे होतात. खड्ड्यात समुद्राचे पाणी शिरण्यासाठी कोणी युक्तीने बोगदे बांधले असण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

तेथे काथ्या सापडला आणि त्याचे कार्बन-कालमापन मध्ययुगातले आले, हा मुद्दा आपण ऐकला असेल. कोकणातल्या माणसाला काथ्या नवा नाही. जहाजांवर दोरासाठी आणि मालाखाली पसरण्यासाठी तो सर्रास वापरला जाई. कालमापनाने नारळ झाडावरून कधी उतरला एवढे कळते. काथ्या त्या बेटावर कधी आला आणि कोणी आणला, हे कळत नाही. ज्या थरातून तो काढला त्या थराची नोंद नीट नसेल, तर ही तारीख इतिहासासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

म्हणून “इतके लोक खोदतात त्या अर्थी काहीतरी असणार” या आपल्या वाक्याला माझे उत्तर असे की, इतके लोक खोदतात यावरून इतक्या लोकांचा विश्वास आहे, एवढेच कळते. त्या विश्वासापायी आतापर्यंत सहा माणसांनी प्राण गमावले आहेत. त्यातील चौघे १९६५ मध्ये एकाच दिवशी, एकाच खड्ड्यात गेले.

बेट पाहायला अवश्य जावे. ते खासगी मालकीचे आहे, म्हणून प्रवेशाची परवानगी आणि वेळ आधी ठरवावी. किनाऱ्यापासून बेटापर्यंतचा भराव-रस्ता १९६५ मध्येच झालेला आहे. तेथे माहिती देणाऱ्याने कोणतीही वस्तू दाखवली की दोन गोष्टी विचाराव्यात: ही कोणत्या वर्षी, किती खोलीवर, कोणत्या थरात मिळाली, आणि त्या जागी त्याआधी कोणी खोदले होते. सवड आणि खर्चाची तयारी असेल तर न्यूफाउंडलंडला जाऊन ल’आन्स ओ मेडोज पाहावे. हॅलिफॅक्सहून ते बरेच दूर आहे, पण तेथे गवताखाली घरांच्या पायांच्या ओळी डोळ्यांनी दिसतात. आणि पुढे कधी जुन्या गोव्यात आलात, तर संत ऑगस्टीनच्या पडक्या मठात केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या ती जागा पाहावी. मी त्या सुमारास तेथे असलो तर स्वतः दाखवीन.